कोण कोणावर जगतं? सातारा-सांगलीतल्या परिसंस्थांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेतली मुलं, शेतकरी, कासला फुलं बघायला आलेली मंडळी आणि नदीकाठची माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुद्दाम याच दोन जिल्ह्यांतली घेतली. महाबळेश्वरचा पाऊस आणि जत-आटपाडीचा कोरडा माळ एका दिवसाच्या प्रवासात बघायला मिळतो, अशी सोय फार थोड्या ठिकाणी आहे. प्राण्यांची आणि झाडांची यादी पाठ करण्यापेक्षा कोण कोणाशी कसा बांधला गेलाय, याकडे लक्ष द्या. एक धागा तुटला की परिणाम बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी दिसतो.

परिसंस्था म्हणजे नेमकं काय? जंगलालाच म्हणतात का?

एखाद्या जागेतले सगळे सजीव, तिथली माती, पाणी, हवा, ऊन आणि या सगळ्यांची आपापसातली देवाणघेवाण मिळून परिसंस्था होते. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी १९३५ मध्ये ही संकल्पना मांडली. निर्जीव गोष्टींनाही त्यांनी सजीवांच्या बरोबरीने हिशेबात धरलं, हे तिचं वैशिष्ट्य.

चांदोलीचं जंगल ही परिसंस्था आहेच, पण येरळवाडीचा तलाव, उसाचा फड, जुन्या विहिरीची कडसुद्धा परिसंस्थाच. फार कशाला, गुरांच्या वाटेवर पडलेला शेणाचा पो घ्या. तासाभरात माश्या अंडी घालून जातात. शेणकिडे गोळे करून ढकलत नेतात आणि मातीत पुरतात. अळ्या टिपायला साळुंक्या येतात. उरलेलं बुरशी आणि जिवाणू संपवतात, आणि पुढच्या पावसात त्याच जागी गवत हिरवंगार उगवतं. मुलांना शिकवायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

एकाच जिल्ह्यात इतका फरक का? पाटणला गवा आणि माणला लांडगा?

मुख्य कारण पाऊस. अरबी समुद्राकडून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढताना थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत पर्जन्यछायेत येतात, तिथे पाचशे मिलिमीटरच्या आसपास भागवावं लागतं. पाणी कमी म्हणून झाडं विरळ, झाडं विरळ म्हणून गवत जास्त, आणि मग गवताळ मुलखात पळून शिकार करणारे प्राणी. जी गोष्ट सर्वात कमी असते, तीच त्या जागेचा साचा ठरवते.

एकाच तलावात इतके पक्षी राहतात, त्यांच्यात भांडण होत नाही का?

स्पर्धा असते, पण प्रत्येकाची जगण्याची रीत वेगळी असते. खटाव तालुक्यात येरळवाडीला हिवाळ्यात जाऊन एकाच जागी तासभर बसा. शेकाट्या उंच पायांवर उथळ पाण्यात चालत किडे टिपतो. बगळा काठावर गप्प उभा राहून मासा हेरतो. पाणकावळा बुडी मारून पाण्याखाली पाठलाग करतो. खंड्या वरून सूर मारतो. आणि पाहुणे आलेले रोहित चोच उलटी करून चिखलपाणी गाळतात, त्यातलं शेवाळ आणि बारीक जीव खातात. पाणी एकच असलं तरी प्रत्येकाचं ताट वेगळं. दोन जाती अगदी एकाच पद्धतीने, एकाच अन्नावर, एकाच जागी जगू लागल्या, तर त्यातली एक शेवटी मागे पडते.

अन्नसाखळीच्या टोकाचे प्राणी इतके कमी का असतात?

गवतात साठलेली सगळी ऊर्जा ते खाणाऱ्या सांबराच्या अंगी लागत नाही. बरीचशी चालण्यात, श्वासात, अंग गरम ठेवण्यात खर्च होते. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर साधारण दहा टक्के ऊर्जा पोहोचते असं मानतात. आकडा ढोबळ आहे, जागेप्रमाणे कमीजास्त होतो.

आता वाघाचा हिशेब करा. एका वाघाला साधारण आठवड्याला एक मोठी शिकार लागते, म्हणजे वर्षाला पन्नासच्या आसपास. तेवढे प्राणी दरवर्षी गेले तरी कळप टिकायचा, तर त्याच्या कैक पटींनी सांबर, भेकर, गवे, रानडुकरं त्या जंगलात हवेत, आणि त्यांना पुरेल इतका चारा आणि पाणी हवं. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. "इतकं मोठं जंगल, मग वाघ इतके थोडे का?" असं विचारणाऱ्यांना मी आधी गवताकडे बघायला सांगतो. चांदोलीत पुनर्वसनानंतर मोकळ्या झालेल्या गावांच्या जुन्या शेतांवर आज कुरणं आहेत आणि तिथे गवे चरतात. वाघाची सोय तिथून सुरू होते.

सागरेश्वरमध्ये हरणं वाढली, ही चांगलीच गोष्ट ना?

अर्धी चांगली. सागरेश्वरची गोष्ट मला फार मोलाची वाटते. कडेगाव, वाळवा आणि पलूस या तीन तालुक्यांच्या सीमेवरच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून जंगल उभं राहिलं, आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. माणसाने लावलेलं जंगल म्हणून त्याचं नाव आजही घेतलं जातं.

पण क्षेत्र जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर. चितळ, सांबर बाहेरून आणून सोडले. बारमाही नैसर्गिक पाणी नाही, आणि हरणांची संख्या धरून ठेवेल असा मोठा शिकारी सुरुवातीला नव्हता. चारा मिळाला, धोका नव्हता, कळप वाढले. कोणत्याही जागेची धारणक्षमता ठरलेली असते. तितक्याच तोंडांना ती जागा कायम पोसू शकते. तिच्यापलीकडे कळप गेले की पहिला फटका कोवळ्या रोपांना बसतो. मोठी झाडं उभी दिसतात, पण त्यांची पुढची पिढी तोंडी जाते. मग हरणं कुंपण ओलांडून आसपासच्या गावांच्या उसात, ज्वारीत, हरभऱ्यात उतरतात. रात्र रात्र राखण करणारा शेतकरी चिडला तर त्याला दोष देता येत नाही. शिकाऱ्याची जागा रिकामी होती डोंगरावर, आणि त्याची किंमत मोजली गेली ती शिवारात.

झाडं लावून काम संपलं असं समजू नये, हे सागरेश्वर शिकवतं. अलीकडे तिथे बिबट्याचा वावर आहे. त्याने गावकऱ्यांची काळजी वाढते, हेही खरं. पण हरणांच्या वागण्यावर त्याचा परिणाम होतो. शिकारी जवळपास असला की कळप एकाच ठिकाणी फार वेळ चरत नाहीत, आणि चरून उघड्या पडलेल्या जागेला पुन्हा वर यायला उसंत मिळते.

उसावर लोकरी मावा आला होता, तो गेला कसा?

सांगली-साताऱ्याच्या शेतकऱ्यांना २००२ साल विसरता येणार नाही. त्या पावसाळ्यात सांगली भागात पांढरा लोकरी मावा दिसला आणि बघता बघता सातारा, कोल्हापूर, पुण्यापर्यंत पसरला. पानाच्या खालच्या बाजूला मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना कापूस चिकटवल्यासारखे थर दिसायचे. मावा रस शोषतो आणि गोड चिकट द्रव टाकतो, तो खालच्या पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि पान काळंठिक्कर पडतं. वाढ्याचा चाराही खराब झाला.

पहिल्यांदा सगळ्यांचा हात औषधाच्या पंपाकडे गेला. पण दहा-बारा फूट वाढलेल्या फडात शिरून पानाच्या खालून फवारणी करायची म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. शिवाय फवारणीत माव्याबरोबर त्याला खाणारे किडेही मरत होते. ते सावकाश वाढतात, मावा मात्र नराशिवायच झपाट्याने पिल्लं देतो. त्यामुळे फवारलेल्या फडात काही दिवसांनी मावा परत, आणि त्याला रोखणारं कोणी नाही, अशी गत व्हायची.

नीट बघणाऱ्यांना त्या पांढऱ्या थरातच दुसरी हालचाल दिसली. कोनोबाथ्रा नावाच्या पतंगाची अळी रेशमी जाळी विणून तिच्या आडून मावा फस्त करत होती. मायक्रोमस नावाचा नाजूक पंखांचा कीटक अळी असतानाही आणि प्रौढ झाल्यावरही मावाच खात होता. मग कृषी संशोधक, साखर कारखाने आणि शेतकऱ्यांनी या मित्रकीटकांच्या अळ्या-कोष असलेली पानं कापून प्रादुर्भाव असलेल्या फडांत नेऊन टाचली. हळूहळू मावा आटोक्यात आला.

यात समजून घ्यायची गोष्ट अशी की भक्षक नेहमी भक्ष्याच्या मागून वाढतो. आधी मावा चढतो, मग त्याला खाणारा. मधल्या काळात शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि तो फवारतो. त्या वेळी पान उलटून मित्रकीटक मोजायची सवय ज्यांनी लावून घेतली, त्यांचा खर्च वाचला.

उंबर फोडल्यावर आत किडे निघतात. फळ खराब असतं का?

नाही. ते किडे नसते तर उंबराला बी धरलंच नसतं.

आपण ज्याला उंबराचं फळ म्हणतो, त्याच्या आत शेकडो बारीक फुलं असतात. बाहेरून दिसत नाहीत म्हणून उंबराला फूल येत नाही असं म्हणतात. फळाच्या टोकाला एक इवलंसं छिद्र असतं. उंबराची खास गांधीलमाशी, मुंगीहूनही लहान, त्यातून आत घुसते. वाट इतकी अरुंद की तिचे पंख तिथेच मोडतात. तिने आधीच्या झाडावरून आणलेले परागकण आतल्या फुलांना लागतात, काही फुलांत ती अंडी घालते आणि आतच मरते. पुढे त्या फुलांत पिल्लं वाढतात. नर आधी बाहेर पडतात, त्यांना पंख नसतात. ते माद्यांशी मीलन करतात, फळाला आतून बोगदा पाडतात आणि त्यांचं आयुष्य तिथेच संपतं. माद्या परागकण घेऊन त्या बोगद्यातून उडतात. दुसरं योग्य वयाचं फळ शोधायला त्यांच्याकडे एखाद-दोन दिवस असतात.

दोघांपैकी एकालाही दुसऱ्याशिवाय पुढची पिढी नाही, इतकं पक्कं हे सहजीवन. आणि त्यावर बाकीचं अख्खं गणगोत उभं आहे. उंबराची सगळी झाडं एकाच हंगामात पिकत नाहीत, त्यामुळे इतर फळं नसतात तेव्हाही कुठलं तरी झाड लगडलेलं असतं. हरियाल, तांबट, कोकीळ, वटवाघळं, माकडं त्यावर जगतात, आणि नदीकाठच्या झाडाखाली पाण्यात पडलेली फळं मासे खातात. पलूस तालुक्यात कृष्णाकाठी औदुंबरला दत्तदर्शनाला जाल तेव्हा खाली पडलेलं एक पिकलं उंबर उचलून फोडून बघा.

बांडगूळ झाडाला मारतं का?

बहुतेक वेळा लगेच मारत नाही, पण फांदी खंगवतं. बांडगूळ अर्धपरजीवी आहे. पानं हिरवी असल्याने अन्न स्वतः बनवतं, पाणी आणि क्षार मात्र आंब्याच्या फांदीतून ओढतं. त्याची फळं फुलटोचा हा चिमुकला पक्षी खातो, चिकट बी शेपटाशी अडकतं, तो ते फांदीवर घासून काढतो आणि तिथेच नवं बांडगूळ रुजतं. अमरवेल मात्र जवळजवळ सगळं अन्न आश्रयदात्याकडून घेते. ज्वारीतला टारफुला तर जमिनीखाली मुळांनाच चिकटतो. तो वर दिसायला लागेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं, म्हणून फुलायच्या आधी उपटा.

गायबगळा म्हशीच्या पाठीमागे का फिरतो?

म्हशीच्या पायांनी गवतातले नाकतोडे उडतात, ते त्याला आयते मिळतात. म्हशीला त्याने फारसा तोटा नाही, फायदाही नाही. आता नांगरटीच्या ट्रॅक्टरमागे बगळ्यांची रांग दिसते ती याच कारणाने. नांगरामागे उघडी पडलेली हुमणी ते वेचतात, तेवढा शेतकऱ्याचा लाभ.

कासच्या पठारावर झाडं कीटक का खातात?

जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरच असतो. त्यावर धो धो पाऊस पडतो आणि नत्र, स्फुरद धुऊन जातं. ऊन आणि पाणी भरपूर, पण खत नाही. म्हणून काही वनस्पतींनी नत्राची सोय कीटकांतून केली. दवबिंदू या वनस्पतीच्या पानांवर बारीक केस आणि त्यांच्या टोकाला चिकट थेंब असतात. दव समजून बसलेला चिलट अडकतो, केस हळूहळू त्याच्यावर वाकतात आणि पाचक रस सुटतो. सीतेची आसवं या निळ्या-जांभळ्या फुलांचा गालिचा सगळे फोटोत टिपतात, पण त्यांचा सापळा ओल्या मातीत दडलेला असतो. मुळांसारख्या धाग्यांवर सूक्ष्म फुगे असतात. सूक्ष्म जीवाने दाराच्या केसाला स्पर्श केला की फुगा पाण्यासकट त्याला आत ओढतो, पापणी लवायच्या आत. अन्न मात्र या दोन्ही वनस्पती उन्हातूनच बनवतात.

त्याच फुलांना परागीभवनासाठीही कीटक लागतात. फूल उंच देठावर आणि सापळा खाली, ही मांडणी त्यांच्या कामाची आहे.

पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांपैकी एक म्हणून कास २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. तेव्हापासून गर्दी वाढली. एका सेल्फीसाठी गालिच्यात टाकलेलं पाऊल बोटभर मातीचा थर दाबून टाकतं, आणि तिथलं बी पुढच्या वर्षी वर येत नाही. आखलेली वाट सोडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

कारवी सात वर्षांनीच का फुलते?

सगळी झुडपं एकाच वर्षी फुलली की बी इतकं पडतं की खाणाऱ्यांची पोटं भरूनही पुष्कळ उरतं, असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे. त्या वर्षी मधमाश्यांची चंगळ असते. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथल्या सातेरी मधमाशीच्या पेट्या आसपासच्या रानातल्या फुलोऱ्यावर जगतात. रान गेलं तर पेट्या नुसत्या लाकडी खोकी.

उसाचं पाचट जाळलं तर काय बिघडतं?

पाचटात पिकाने वर्षभर घेतलेलं बरंच काही परत करण्याजोगं असतं. जाळलं की कर्ब आणि नत्र धुरात जातं, वरच्या थरातले गांडुळं, बुरशी, जिवाणू भाजतात. सरीत दाबून कुजवलं तर विघटक ते मोडतात आणि अन्नद्रव्यं पुन्हा मुळांपाशी येतात. पाणीही कमी लागतं. कुजायला वेळ लागतो, ही अडचण खरी आहे. थोडा युरिया आणि कुजवणारं जिवाणू-संवर्धक टाकलं की वेग वाढतो.

विघटकांसारखंच मेलेलं साफ करणाऱ्यांचंही आहे. जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मढ्यांतून गिधाडांच्या पोटात गेलं आणि देशभर गिधाडं गेली. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. गावाबाहेर पडलेल्या मढ्यांवर मोकाट कुत्री पोसली गेली. औषध दुखऱ्या बैलासाठी होतं, परिणाम निघाला आकाशात आणि तिथून गल्लीत.

माळरान पडीकच असतं, तिथे झाडं लावली तर चांगलंच ना?

नाही, आणि याबाबतीत मी ठाम आहे. माण, आटपाडी, जतचा माळ ही पूर्ण वाढलेली परिसंस्था आहे. पवन्या, कुसळी, मारवेल ही गवतं उन्हाळ्यात मेल्यासारखी दिसतात, पण मुळं जिवंत असतात आणि पहिल्या पावसात फुटतात. कर्बाचा मोठा साठा तिथे जमिनीखाली आहे. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, चंडोल यांना उघडी, लांबवर दिसणारी जागा हवी. माडग्याळ मेंढीचे कळप आणि खिलार जनावरंही याच चाऱ्यावर तयार झाली.

तिथे खड्डे काढून गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावली की सावली पडते आणि गवत मागे हटतं. हरीण गेलं की लांडगा मेंढरांकडे वळतो, आणि नुकसान धनगराचं होतं. झाडं लावायचीच असतील तर गावठाण, बांध, ओढ्याचा काठ, रस्त्याच्या कडा मोकळ्या आहेत.

बाहेरून आलेली प्रत्येक वनस्पती वाईट असते का?

मिरची, टोमॅटो, बटाटा बाहेरूनच आले. आल्यावर अनिर्बंध पसरून इथल्यांना हुसकावते ती आक्रमक. गाजरगवताची १९५०च्या दशकात पुण्यात नोंद झाली आणि पुढे ते देशभर गेलं, कारण त्याला खाणारे त्याच्या मूळ मुलखातच राहिले. मेक्सिकोहून आणलेले भुंगे पावसाळ्यात त्याची पानं खाऊन झाडोरा उघडा करतात. असे भुंगे बांधावर दिसले तर त्यांच्यावर फवारू नका. जलपर्णी, वेडी बाभूळ, घाणेरी आणि नदीतला चिलापी मासा हेही याच पंगतीतले.

उन्हाळ्यात नदीत मासे मरून का तरंगतात?

मळीसारखं सेंद्रिय सांडपाणी नदीत आलं की ते मोडणाऱ्या जिवाणूंना पर्वणी मिळते. त्यांची संख्या भराभर वाढते आणि ते पाण्यातला विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. उन्हाळ्यात प्रवाह कमी, पाणी गरम, आणि गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर गावाने त्याच दिवशी पाण्याचे नमुने घ्यायला लावावेत. दोन दिवसांनी पाणी वाहून गेलेलं असतं.

कृष्णेतल्या मगरींचा उपयोग काय?

भिलवडी, औदुंबरपासून सांगलीपर्यंत हा प्रश्न विचारला जातो आणि ज्यांच्या घरातलं माणूस जखमी झालं त्यांच्या रागाला कारण आहे. मगर आजारी मासे आणि वाहून आलेली मढी खाते, हा तिचा वाटा. पण तिने इथे राहण्यासाठी आपल्या उपयोगी पडलंच पाहिजे असं मला वाटत नाही. ती नदीची जुनी रहिवासी आहे.

उन्हाळ्याच्या तोंडावर मादी काठाच्या वाळूमातीत खड्डा करून अंडी घालते आणि जवळपास राखण करत बसते. वाळू उपसली, काठची गाळाची जमीन अगदी पाण्यापर्यंत नांगरली, की तिला अंडी घालायला माणसांच्या वावरातली जागा उरते. त्या महिन्यांत आडबाजूच्या काठावर धुणं धुणं, जनावरं धुणं, मोटरीचा फुटव्हॉल्व्ह काढायला एकट्याने पाण्यात उतरणं टाळा. मगर दिसलेल्या ठिकाणाची खबर गावात लगेच द्या.

घरात साप निघाला तर काय करायचं?

अंतर ठेवा, लहान मुलं आणि जनावरं दूर घ्या, साप कुठे जातो त्यावर एकाने लांबून नजर ठेवावी आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. मारायला जाताना चावे जास्त होतात. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसं हे चार सोडले तर आपल्याकडे घराजवळ सापडणारे बहुतेक साप बिनविषारी किंवा माणसाला फारसा धोका नसलेले असतात. धामण उंदरांसाठी येते. धान्याची पोती उंच फळीवर ठेवली आणि भिंतीलगतचा सरपणाचा ढीग हलवला, तर उंदीर कमी होतात आणि मागोमाग सापाचं येणंही. चावा झालाच तर बांधाबांध, चिरा, मंत्र यात वेळ घालवू नका. चावलेला भाग हलू न देता रुग्णाला प्रतिविष उपलब्ध असलेल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या.